पठारावरची खोल माती

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी पहाटे, बालाघाटच्या पठारावरच्या एका लहान गावात किराणा दुकानदाराची बायको वारली. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि ती बरीच वर्षं डायलिसिसवर होती. तिला गावात समाधी देता आली नाही. गावाचं नाव इथे देत नाही. जिल्हा बीड.

त्याआधी दोनेक महिने, डिसेंबरात, मी त्या गावात दोन रात्री राहिलो होतो. काम साधं होतं. आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हिवाळ्यात जवळपास कुठे जावं, अशा मजकुराचं एक पान असे. जिल्ह्यातली नेहमीची ठिकाणं छापून झाली होती. त्या गावात धबधबा आहे, दरीत महादेवाचं जुनं देऊळ आहे, बारव आहे आणि आता कड्यावर 'पॉइंट' झाला आहे, एवढी माहिती हाताशी होती. तो दुकानदारच आमच्या अंकांचा तिथला एजंट होता. आमची ओळख फोनवरची.

चौसाळ्याला एसटीतून उतरलो. वर जाणारी जीप भरण्याची वाट पाहत उभी होती.

"पॉइंटला का, साहेब?" ड्रायव्हरने विचारलं.

"गाव बघायला."

"गावात काय बघायचंय? पॉइंट बघा, धबधबा बघा, महादेव बघा. लई पाहुणे येऊ लागलेत आता."

मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "धबधब्याला पाणी हाय का बे?"

"पाणी नसंना. जागा तर हाय."

"मग कोरडा धबधबा दाखीव अन् वर पाणी पाजून आण साहेबाला."

जीपमधले सगळे हसले. ड्रायव्हरही हसला. वर जायला तासभर लागला. रस्ता चढत होता. दोन्ही बाजूंना मुरमाड रान, गुडघ्याएवढी ज्वारी, मग तीही नाही. वर पोचल्यावर वारा एकदम लागला. पठारावर पवनचक्क्या उभ्या होत्या. काही फिरत होत्या, काही बंद होत्या.

गाव म्हणजे एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं. दुकानांमागच्या गल्ल्यांत बहुतेक घरांना कुलपं. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात. जाताना दाराशी बाभळीची फांदी आडवी टाकतात, म्हणजे ओसरीवर शेळ्या-कुत्री चढत नाहीत. त्या गल्ल्यांतून चालताना दारोदार काटेच दिसत होते. मागे राहिलेली म्हातारी माणसं उन्हाला बसली होती. मी कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

एजंट पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, कपाळावर भस्माचे पट्टे. गावात त्याला सगळे आप्पा म्हणत. मीही तेच म्हणू लागलो. "लॉज न्हाई हितं," तो म्हणाला. "वरची खोली झाडून ठिवलीय. थंडी लई हाय, दोन रजया घ्या."

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची बायको खाटेवर होती. तिथून मधल्या दारातून तिला गल्ला आणि गिऱ्हाईक दिसे. हात सुजलेले, चेहरा काळवंडलेला. आवाज मात्र खणखणीत. दुकान ती खाटेवरूनच चालवत होती.

"अहो, तो गूळ न्हाई, पल्याडच्या डब्यातला. तो मुंगळ्यांनी बाटवलाय." मग माझ्याकडे वळून: "या भाऊजी. दोन दिस काय बघनार हितं? आमी जन्म काढला, आमाला काय दिसलं न्हाई."

"पॉइंट हाय ना," काउंटरशी उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं.

आप्पाने त्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस तेल घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्याबरोबर निघाला. शेजारच्या बाईला त्याने दुकानावर बसवलं. धबधबा गावापासून लांब नाही. कड्यावरून खाली पाहिलं तर काळ्या पाषाणावर वरपासून खालपर्यंत एक पांढुरका पट्टा होता. खालच्या डोहात हिरवट पाणी, त्यात प्लास्टिकच्या बाटल्या. दरीतल्या महादेवाच्या देवळाला पायऱ्या बांधल्या आहेत, पायऱ्यांवर माकडं. गाभाऱ्यात ओल होती आणि दिवा नव्हता. गुरव ऊसतोडीला गेला होता. आप्पाने पिंडीवर पाणी घातलं आणि आम्ही वर आलो. बारव चांगल्या स्थितीत आहे. तळाशी पाणी आहे. तरुणांनी गेल्या उन्हाळ्यात गाळ काढला, असं आप्पाने सांगितलं. ते सगळं मी टिपून घेतलं.

मग पॉइंट. कड्याच्या टोकाला मोठी सपाट जागा आहे, तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची फरशी, स्टीलचं रेलिंग, लोखंडी बाकडी, आणि गावाच्या नावाची माणसाएवढी उंच अक्षरं, मध्ये लाल बदाम. एका बाजूला चहाची टपरी. आणखी कोणी आलेलं नव्हतं.

फरशी सुरू झाली तिथे आप्पाने चपला काढल्या. थंडी होती आणि फरशी गार होती. तो अनवाणी चालत एका बाकड्यापर्यंत गेला, मागे वळून पाण्याची टाकी आणि तिच्यामागची पवनचक्की एका रेषेत येते का ते पाहिलं, थोडा डावीकडे सरकला आणि थांबला.

"हितं माझी पोरगी हाय," तो म्हणाला.

मुलगी बारावीला होती. केजला वसतिगृहात राहायची. डेंग्यू झाला, बीडला नेईपर्यंत उशीर झाला. त्याला सात वर्षं झाली होती. आप्पाला दुसरं मूल नाही.

पुढची हकीकत त्याने आणि टपरीवाल्याने मिळून सांगितली. लिंगायतांत मृताला जाळत नाहीत, पुरतात. आणि आडवं नाही, बसवून पुरतात. मांडी घालून, तळहातावर गळ्यातलं लिंग देऊन, भस्म, मीठ आणि बेलाची पानं घालून. बसलेल्या माणसासाठी खड्डा उभ्या माणसाएवढा खोल लागतो. या पठारावर असा खड्डा कुठे जात नाही. वीतभर माती, हातभर मुरूम, मग काळा पाषाण. कड्याच्या या एका टोकाला मात्र मुरूम खोल आहे. का, ते कोणाला ठाऊक नाही. गावातली लिंगायतांची घरं मोजकी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची माणसं याच जागेत बसवली गेली. वर दगड ठेवायची रीत इथे नव्हती. मातीचा उंचवटा करायचा, तो पावसाने हळूहळू बसायचा.

मोकाट गुरं तिथे चरायची, कुत्री उकरायची. म्हणून या घरांनी जागेला भिंत मागितली. कित्येक वर्षं मागितली. एकदा कचेरीतून निरोप आला की साहेब जागा बघायला येणार आहेत.

"मग आमी काय केलं?" आप्पा म्हणाला. "पाहुणा येनार म्हटल्यावर अंगण झाडतो मानूस. काटेकुटे, उंचवटे, शेण, हे साहेबाला कसं दाखवायचं? बाभळी तोडल्या. जेसीबी सांगितला, सगळं एकसारखं केलं. सडा टाकला. आमच्या हिनं सोताच्या हातानं रांगोळी काढलती, तवा तिला चालता येत होतं. साहेबाला खुर्ची टाकली, तोंड दरीकडं करून. गार वारं लागावं म्हणून."

"साहेबांनी चहा पिला," टपरीवाला म्हणाला. "म्हनले, जागा लई सुंदर हाय."

भिंतीचं काम मंजूर झालं नाही. वर्षभराने पॉइंटचं झालं. मोजणी करणाऱ्यांना जागा मोकळी, सपाट आणि स्वच्छ दिसली. आत काय आहे ते सांगायला आप्पा आणि आणखी दोघे गेले. पुरावा विचारल्यावर त्यांना दाखवायला काही नव्हतं. उंचवटे त्यांनीच सपाट केले होते. बाकीच्या गावाला पॉइंट हवा होता. जत्रेशिवाय गावात बाहेरचं माणूस येत नसे, आता येऊ लागलं होतं.

"आप्पा, तुमीच झाडून दिलं," टपरीवाला चहा गाळत म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "काटे राहू दिले असते तर साहेब लांबूनच माघारी गेला असता."

"तुझी टपरी कुठं राहिली असती मग?"

"न्हाई राहिली असती. मी काय न्हाई म्हनतो का? घ्या, चहा घ्या."

लिंगायतांच्या घरांना बदली जागा मिळाली आहे, तळ्यापलीकडच्या माळावर. पावसाळ्यात त्यांच्यातला एक म्हातारा वारला तेव्हा तिथे खणून पाहिलं. गुडघ्याएवढ्यावर पाषाण लागला. ब्रेकर आणला, तरी कमरेच्या खाली जाईना. तोवर संध्याकाळ झाली, पाऊस आला. शेवटी त्याला झोपवून पुरावं लागलं. हे सांगताना आप्पाचा आवाज खाली आला. टपरीवाला त्या वेळी कप विसळायला पलीकडे गेला. त्यानंतर त्या घरांतून कोणी गेलेलं नव्हतं.

"वहिनींना हे माहीत आहे?" मी विचारलं.

"झोपवल्याचं ठाऊक हाय. हे न्हाई." त्याने पायाने फरशी दाखवली. "भिंतीचं काम चाललंय म्हनून जागा बंद हाय, असं सांगितलंय. ती म्हनती, माझी जागा पोरीच्या शेजारी. डाक्टरनं सांगितलंय, आता जास्त दिस न्हाईत. मी इनवण्या केल्या, एवढा एक तुकडा उघडा ठिवा, बेलाचं झाड लावतो. झाड चालंल म्हनले. खड्डा न्हाई चालनार."

"सांगत कावून न्हाईस मग तिला?" टपरीवाल्याने लांबूनच विचारलं.

आप्पाने कप ठेवला आणि तो अनवाणीच परत निघाला. फरशी संपल्यावर चपला घातल्या आणि आम्ही गावात आलो.

संध्याकाळी दुकानात गर्दी होती. मला मागच्या खोलीत वहिनींच्या खाटेशेजारी खुर्ची दिली होती. त्यांनी माझ्या घरची चौकशी केली, बायको काय करते, मुलं किती. मग म्हणाल्या, "सकाळी कुठं कुठं जाऊन आलाव?"

धबधबा, महादेव, बारव. मी सांगितलं.

"अन् कड्याकडं?"

"गेलो होतो."

आप्पा मधल्या दारात आला. त्याच्या हातात तराजूचं पारडं होतं.

"भिंत कुठवर आली?"

मी म्हणालो की भिंत मला दिसली नाही, रेलिंग लावलंय.

"रेलिंग का? ते बी बरं. गुरं येनार न्हाईत. अन् बाभळी? बाभळी लई माजल्या असतील."

"बाभळी नाहीत. सगळं साफ आहे."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पोरीला काटे आवडायचे न्हाईत. रानात गेली की माझ्या खांद्यावर चढायची. धाडशी म्हनावं तर काट्याला भ्यायची." मग आप्पाकडे बघून: "अहो, तिकडं गिऱ्हाईक उभं हाय, तुमी हितं काय ऐकत बसलाव?"

आप्पा वळला. त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने मी खाली उतरलो.

पान त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी छापून आलं. धबधबा पावसाळ्यातच पाहावा, देवळाच्या पायऱ्यांवर माकडांपासून सावध राहावं, बारवेत उतरताना काळजी घ्यावी, राहण्याची सोय नाही, असा मजकूर होता. पॉइंटबद्दल मी दिलेल्या ओळी आणि कड्यावर पूर्वी दफनभूमी होती हे वाक्य जागेअभावी निघालं. छायाचित्र बारवेचं लागलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. आप्पाने आणि वहिनींच्या भावाने नंतर वेगवेगळं सांगितलं. दोघांचं सांगणं जुळतं.

संक्रांतीनंतर वहिनींची भाची आत्याला भेटायला चौसाळ्याहून वर आली. कॉलेजातली मुलगी. मैत्रिणींबरोबर पॉइंटवर गेली, मोठ्या अक्षरांसमोर नाचून व्हिडिओ केला आणि परत आल्यावर खाटेवर बसून आत्याला तो दाखवू लागली. वहिनी हसत होत्या. मग म्हणाल्या, "थांबीव. मागं घी."

भाचीने मागे घेतला. चित्रात नाचणाऱ्या मुलींच्या मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या मागे पवनचक्की.

"कुठलं हाय हे?"

"आत्या, पॉइंट हाय की. तुमच्याच गावचा."

वहिनींनी मोबाईल हातात घेतला आणि तो बंद पडेपर्यंत बघत राहिल्या. पडदा काळा झाल्यावर भाचीला परत दिला. रात्री दुकान बंद करून आप्पा आत आला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पोर कोनत्या बाकड्याखाली हाय?"

आप्पा म्हणाला, "बाकड्याखाली न्हाई. बाकड्याच्या म्होरं."

पुढचे दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दुकानाकडेही लक्ष दिलं नाही; गिऱ्हाइकं मधल्या दारातून आत डोकावून जात होती. तिसऱ्या दिवशी बीडहून डायलिसिस करून येताना त्यांनी जीप चौसाळ्याला भावाच्या दारात थांबवली. खाली उतरल्या नाहीत. भाऊ बाहेर आला.

"तुझ्या रानात माती किती खोल हाय रं?"

भावाला वाटलं, बहीण आजारात काहीबाही बोलते आहे. "विहीर खनली तवा दोन पुरुस खोल काळीच माती निघाली. कावून?"

"मग मला बसायला जागा दे."

त्यावर घरात बोलणी झाली. आप्पाच्या चुलत्यांनी विरोध केला. लग्न होऊन आलेली बाई मरताना माहेरच्या रानात जात नाही, गावात काय तोंड दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. माळावरची जागा आहे, ब्रेकर पुन्हा आणू, आणखी खोल घेऊ. विधी करणारे स्वामी खाटेच्या कडेला बसले होते. ते म्हणाले की शास्त्रात गावाचा उल्लेख नाही, पण रीत नाही.

वहिनी म्हणाल्या, "झोपायला मला हे अंथरूण हाय. इतकी वर्सं झोपलेच हाय. मेल्यावर तरी बसू द्या."

"अन् पोरगी?" आप्पाने विचारलं.

"ती बसलेली हाय," त्या म्हणाल्या. "तिला हलवू नका."

त्यानंतर विषय निघाला नाही. काही दिवस त्या पुन्हा दुकानाकडे लक्ष देऊ लागल्या. मग फेब्रुवारीतला तो मंगळवार.

आप्पाचा फोन सकाळी आला. मी बीडमध्येच होतो. चौसाळ्याला पोचलो तेव्हा वरून टेम्पो आलेला नव्हता. भावाचं रान हायवेपासून आत आहे. हरभरा निघाला होता आणि विहिरीजवळच्या कोपऱ्यात चार माणसं खणत होती. माती वरपासून खालपर्यंत काळी होती. खणणारा खांद्यापर्यंत आत गेला तरी दगड लागला नाही.

टेम्पो दुपारी आला. त्यात केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा बांधलेलं विमान होतं. विमान म्हणजे शव बसवून न्यायची खुर्ची. वहिनी त्यात बसलेल्या होत्या. डोक्यावरून पदर, कपाळाला भस्म. वळणांवर मान कलंडू नये म्हणून मागून आडवं लाकूड बांधलं होतं आणि भाची एका हाताने ते धरून होती. चुलते आले होते. टपरीवालाही आला होता.

त्यानेच सांगितलं की टेम्पो निघण्याआधी आप्पा कड्यावर आला आणि त्याने पहार मागितली. टपरीवाल्याने दिली. बाकड्यासमोरचा एक ब्लॉक आप्पाने उचकटला. खाली माती नव्हती. खडीची बारीक कच पसरलेली होती, तिच्याखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम. आप्पाने हाताने कच बाजूला सारली, पहारीने मुरूम टोकरला आणि निघाला तेवढा रुमालात बांधला. मग कच परत भरली, ब्लॉक जागेवर बसवला आणि पायाने दाबला.

"मी म्हनलं, राहू दे आप्पा, मी बसवतो," टपरीवाला म्हणाला. "न्हाई म्हनला. वर आलेला राहिला तर कुनी ठेचकाळंल म्हनला."

स्वामींनी विधी केला. वहिनींना खड्ड्यात बसवलं. भस्म, मीठ, बेल. आप्पाने रुमाल सोडला आणि आतला मुरूम त्यांच्या मांडीवर ओतला. मुरूम लाल होता. त्यावर काळी माती पडू लागली.

चुलते जेवायला थांबले नाहीत. आप्पा संध्याकाळच्या जीपने वर गेला.

यंदा डिसेंबरात कामानिमित्त त्या रस्त्याने जाणं झालं. गाडी थांबवून मी आत रानापर्यंत गेलो. भावाने ज्वारी पेरली आहे. पीक कमरेएवढं आहे. विहिरीजवळच्या कोपऱ्यात एक तुकडा न नांगरता सोडलेला आहे. त्यावर दगड नाही.